‘शारदे’ची काटछाट आणि एक परीक्षण : सांगलीतील प्रकरण अभ्यास

सांगली-मिरज परिसरात नाटकांवर आणि पुस्तकांवर सातत्याने लिहिणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा या क्षेत्राशी दुसराही काही संबंध असतो. कोणी एकांकिका बसवतो, कोणी स्पर्धेच्या नाटकाचे नेपथ्य करतो, कोणी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत असतो. मी कविता लिहिते आणि एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीसाठी पुस्तकांची व नाटकांची परीक्षणे करते. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याशी अजिबात ओळख नसलेला समीक्षक अशा गावात सापडणे जवळजवळ अशक्य असते. तेव्हा ओळख असताना लिहायचे कसे, हाच येथला खरा प्रश्न आहे. तो ज्या प्रकरणात सर्वांत स्पष्टपणे पुढे आला, त्याची ही नोंद आहे. संबंधित संस्था, दैनिक आणि व्यक्ती यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

परिस्थिती

एका हौशी नाट्यसंस्थेने गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ बसवायला घेतले. हे नाटक सांगलीत करायचे म्हणजे केवळ एक जुने संगीत नाटक करणे नसते. देवलांचा जन्म १८५५ साली सांगलीलगतच्या हरिपूरचा. त्यांच्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ हे एकच स्वतंत्र, बाकीची संस्कृत किंवा पाश्चात्त्य नाटकांवर आधारलेली. शिवाय विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले ते याच गावात, आणि त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानला जातो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरही सांगलीचेच. या वारशाचा अभिमान रास्त आहे आणि तो मलाही आहे. मात्र त्यामुळेच येथे संगीत नाटकाच्या प्रयोगावर टीका केली की ती संस्थेवरची टीका राहत नाही, गावावरची ठरते.

संस्थेच्या अडचणी खऱ्या होत्या. पाच अंकांचे नाटक आज कोणी रात्रभर बसून पाहत नाही. नाट्यगृह ठरावीक वेळेपुरते मिळते, बाहेरगावचे प्रेक्षक शेवटच्या एसटीकडे लक्ष ठेवून असतात, आणि गाऊ शकणारी नटमंडळी नोकऱ्या सांभाळून तालमींना येतात. दिग्दर्शकांनी म्हणून एका मध्यंतरासह अडीच तासांची रंगावृत्ती तयार केली. पहिला प्रयोग सांगलीत सभासद आणि आश्रयदाते यांच्यासाठी होता, दुसरा काही दिवसांनी मिरजेत तिकीट लावून होणार होता. पुरवणीला परीक्षण पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत हवे होते आणि शब्दमर्यादा साडेचारशेची होती.

या संस्थेशी माझे दोन संबंध होते. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाचे प्रकाशन याच संस्थेने घडवून आणले होते. या प्रयोगाला ऑर्गनची साथ करणारे वयोवृद्ध वादक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांच्याकडे मी लहानपणी पेटी शिकले.

प्रयोगात काय घडले

मी प्रयोगाला जाताना नाटकाचे छापील पुस्तक बरोबर नेते आणि गाळलेल्या मजकुराच्या समासात पेन्सिलीने रेघ ओढते. ‘शारदे’च्या बाबतीत याचा विशेष उपयोग होतो, कारण प्रत्येक पदावर त्याची चाल छापलेली असते आणि कोणते पद मूळ चालीवर गायले, कोणते पुढच्या गायकांनी रूढ केलेल्या वळणाने गायले, हेही टिपता येते. मध्यंतरापर्यंतच्या माझ्या रेघा पाहिल्या तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली : पदे जवळपास सर्व शिल्लक होती, आणि कात्री चालली होती ती गद्यावर. त्यातही सर्वांत जास्त काटछाट कांचनभटाच्या घरातल्या संवादांची झाली होती.

काटछाटीचे हे धोरण सर्वत्र आढळते आणि ते समजण्यासारखे आहे. प्रेक्षक पदांसाठी येतो, गायकांनी मेहनत पदांवर घेतलेली असते, म्हणून संवाद कमी करायचे. इतर एखाद्या संगीत नाटकात ते कदाचित चालून जाईल. ‘शारदे’त ते चालत नाही, कारण मुलीचा सौदा पदांमध्ये होत नाही, गद्यात होतो. पंचाहत्तरीचा धनाढ्य भुजंगनाथ, मधल्यामध्ये दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित आणि पैशांसाठी पोटची मुलगी द्यायला तयार झालेला कांचनभट या तिघांमध्ये नाटकाचा अपराध वाटला गेलेला आहे. इंदिराकाकू म्हणजे शारदेची आई. घरातल्या घरात चाललेला हा व्यवहार तिच्यामुळे प्रेक्षकाला आतून दिसतो. हे संवाद गाळले की उरतो तो बोहल्यावर चढायला उतावीळ झालेला एक हास्यास्पद म्हातारा, आणि प्रेक्षक त्याला हसून मोकळा होतो. बाप सुटतो, मध्यस्थ सुटतो, त्यांना सामावून घेणारा समाजही सुटतो.

तसे घडलेही. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशें वयमान’ हे शारदेच्या मैत्रिणींच्या तोंडचे पद सुरू झाले आणि सभागृहात हशा पिकला. तो पिकायलाच हवा, देवलांनी उपहास त्याच बेताने रचला आहे. परंतु पुढे लग्नघटिका जवळ आली, शारदा भीतीने थिजून उभी राहिली, तरीही मागच्या रांगांमधले हसू चालूच होते. नटीच्या अभिनयात त्या क्षणी काही उणे नव्हते. तिच्या भीतीला आधार देणारी व्यवहाराची दृश्येच प्रेक्षकांनी पाहिलेली नव्हती, तर त्यांनी हसू थांबवावे कशासाठी? नाटकाचा तरुण नायक कोदंड याने वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघड करून लग्न थांबवले तेव्हा टाळ्या पडल्या. त्या चटपटीत तोडग्याला होत्या, मुलगी सुटल्याच्या सुटकेला नव्हत्या.

दुसरी एक गोष्ट मी त्याच रात्री वहीत सविस्तर लिहून ठेवली. शारदेची भूमिका करणाऱ्या तरुण गायिकेचा आवाज पहिल्या भागातच बसत चालला होता. वरचा षड्ज तिला ओढून लावावा लागत होता. मध्यंतरात तात्यांनी पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, काळी चारवरून खालच्या काळी तीनवर उतरवली. ऐकणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. ऑर्गनवर मात्र पट्टी बदलली की प्रत्येक पदाची बोटे बदलतात, तबलजीला दुसरा तबला पुढे ओढावा लागतो, आणि महिनोन्‌महिने एका पट्टीत पक्के झालेले वळण ऐनवेळी दुसऱ्या जागी बसवावे लागते. दुसऱ्या भागात तात्यांनी आलापांच्या जागा आखडत्या घेतल्या. गायिका श्वास घेत असे तेव्हा ती पोकळी ते डाव्या हाताच्या स्थिर सुरांनी भरून काढत. पदांचे शब्द त्यामुळे पहिल्या भागापेक्षा अधिक स्वच्छ ऐकू आले. कविता लिहिणारी व्यक्ती म्हणून मला हा लाभ फार मोठा वाटला, कारण देवलांचे शब्द साधे, बोलण्यातले आहेत आणि तानांच्या गर्दीत ते सर्वांत आधी हरवतात.

लिहावे की नाही

पहिला पर्याय होता लिहायला नकार देण्याचा. मोठ्या शहरात तो योग्य ठरला असता, कारण तेथे दुसरा समीक्षक सहज मिळतो. येथे मी नकार दिला असता तर परीक्षणाच्या जागी संस्थेने पाठवलेली बातमी आली असती : दीपप्रज्वलन कोणी केले, प्रमुख पाहुणे कोण, प्रयोग रंगला. हौशी प्रयोगाचे चित्रीकरण झाले तरी ते बहुधा कोणाच्या तरी मोबाइलमध्ये पडून राहते. राज्य नाट्यस्पर्धेत परीक्षक गुण देतात, निकाल लागतो, पण प्रयोगात नेमके काय चांगले आणि काय फसले हे लेखी स्वरूपात गावाकडे राहत नाही. त्यामुळे तीन-चार महिन्यांच्या तालमींनंतर झालेल्या कामाची एकमेव नोंद पुष्कळदा परीक्षण हीच असते. नकार देऊन माझी निःपक्षपाती प्रतिमा जपली गेली असती, पण ती नोंद हरवली असती.

दुसरा पर्याय सौम्य लिहिण्याचा. आपली माणसे आहेत, पदरचे पैसे घालून नाटक करतात, त्यांना नाउमेद का करायचे, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यामागची माया मला कळते. पण ज्यांनी इतके कष्ट घेतले त्यांच्या कामाकडे नीट न पाहता शाबासकी देणे हा त्यांचा अपमान आहे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरा पर्याय मी निवडला. पहिल्याच परिच्छेदात दोन्ही संबंध एका वाक्यात सांगितले. त्यानंतर निष्कर्षाआधी वर्णन दिले : काय गाळले, काय ठेवले, कोणत्या ठिकाणी हशा आला. मग मत. तात्यांच्या साथीवर स्वतंत्र परिच्छेद लिहिला, आणि ती स्तुती कोण करते आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असावे म्हणूनच संबंधाचे वाक्य सुरुवातीला ठेवले होते.

पुस्तकाचे परीक्षण यापेक्षा वेगळे असते. कवितासंग्रह वाचकाच्या हातात येऊ शकतो, माझे मत पटले नाही तर तो स्वतः कविता वाचून मला खोडून काढू शकतो. झालेला प्रयोग पुन्हा उभा करता येत नाही. ज्याने तो पाहिला नाही त्याच्यापाशी माझ्या शब्दांखेरीज काहीच नसते, म्हणून नाट्यपरीक्षणात वर्णनाची जबाबदारी मताहून मोठी आहे.

आणखी एक मुद्दा परीक्षणात होता. प्रयोगाआधीच्या निवेदनात बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या कायद्याला या नाटकावरून ‘शारदा कायदा’ हे नाव पडल्याचे सांगितले गेले. हा समज फार पसरलेला आहे. ते नाव विधेयक मांडणाऱ्या अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले. त्या कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ठरवले. किर्लोस्कर नाटक मंडळींनी ‘शारदा’ रंगभूमीवर आणली ती १८९९ साली, म्हणजे संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्यावरील वादळ ताजे असताना आणि हा दुसरा कायदा येण्याच्या तीस वर्षे आधी. नाटकाचे श्रेय यातून अधिक वाढते, असे मी लिहिले.

छापून आले ते

दुसऱ्या दिवशी पान लागताना एक जाहिरात आली आणि मजकूर जवळजवळ निम्मा झाला. कपात अपेक्षितच असते. मात्र जे गेले त्यात संबंध सांगणारे वाक्य होते, आणि तात्यांवरचा परिच्छेद संपूर्ण होता. कायद्याविषयीचे वाक्य राहिले, काटछाटीवरची टीका राहिली, आणि वर डेस्कने मथळा दिला : ‘गाणी वाचली, नाटक हरवले’. मी विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की समीक्षकाच्या खासगी गोष्टींशी वाचकाला काय देणेघेणे, आणि वादकाविषयी लिहायला जागा नव्हती.

परिणाम दोनच दिवसांत दिसला. संबंध ठाऊक नसलेल्या वाचकाला ते परीक्षण केवळ कठोर वाटले. ज्यांना संबंध ठाऊक होते त्यांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. या प्रयोगासाठी नवी नांदी लिहायला मला सांगितले नाही म्हणून मी राग काढला, अशी चर्चा सुरू झाली. तशी विचारणा कधी झालीच नव्हती आणि देवलांच्या नाटकाला माझी नांदी जोडावी असे माझ्या स्वप्नातही आले नसते. पण खुलासा छापलेला नसला की रिकामी जागा अफवेने भरते. तात्यांच्या नावाचा उल्लेखही नसणे हे शिष्येने गुरूला डावलणे ठरले. गळलेल्या एका वाक्यामुळे आणि एका परिच्छेदामुळे एकाच वेळी मी कृतघ्न आणि आकसाने लिहिणारी ठरले.

मी तात्यांच्या घरी जाऊन मूळ मजकूर त्यांना वाचून दाखवला. ते शांतपणे ऐकत होते. पट्टी बदलल्याचा भाग आला तेव्हा म्हणाले, “अगं, हे तुला कळलं हे बरं झालं. बाकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही.” गद्य गाळल्याच्या टीकेवर त्यांनी काही मत दिले नाही, आणि मीही विचारले नाही, कारण ते दिग्दर्शकांसोबत काम करत होते आणि त्यांना पेचात टाकणे योग्य नव्हते.

पत्र आणि त्यानंतर

दिग्दर्शकांनी दैनिकाला पत्र पाठवले. ते सभ्य आणि मुद्देसूद होते. वेळेची मर्यादा न मानता जुन्या नाटकाचा आग्रह धरणे म्हणजे ते नाटक न करण्याचाच आग्रह आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पदे कमी केली तर ज्येष्ठ श्रोते पाठ फिरवतील, हेही त्यांनी लिहिले. समीक्षकाचे संस्थेशी असलेले संबंध लपवले गेले, हा तिसरा आक्षेप होता, आणि छापील मजकुरापुरता तो बिनतोड होता.

मी संपादकांना दोनच गोष्टी मागितल्या : पत्र संपूर्ण छापावे, आणि त्याखाली माझ्या मूळ मजकुरातले संबंधाचे वाक्य व तात्यांवरचा परिच्छेद चौकटीत द्यावा. थोड्या घासाघिशीनंतर त्यांनी ते मान्य केले. मथळ्याबद्दल मात्र दैनिकाने काही लिहिले नाही. पत्राला उत्तर देण्याची संधी मला देऊ केली होती, ती मी घेतली नाही. दिग्दर्शकांची बाजू त्यांच्या शब्दांत वाचकांपुढे आली होती, आणि प्रत्येक वादात शेवटचा शब्द समीक्षकाचा असण्याचे काही कारण नाही.

त्यानंतर संस्थेने मला तालमीला येऊन कोणते संवाद परत घ्यावेत हे सांगण्याचे निमंत्रण दिले. ते मनापासूनचे होते, तरी मी गेले नाही. तालमीत बसून सूचना केल्या असत्या तर मिरजेच्या प्रयोगावर लिहिण्याचा माझा अधिकार संपला असता. मी दिग्दर्शकांना न कापलेले परीक्षण तेवढे पाठवले, त्यात काय गाळले गेले याचे वर्णन होतेच.

मिरजेचा प्रयोग मी तिकीट काढून पाहिला. कांचनभट आणि भद्रेश्वर यांच्यातली देण्याघेण्याची बोलणी परत आली होती, इंदिराकाकूचा वाटाही वाढला होता. त्यासाठी काही पदांची शेवटची कडवी गाळली होती. प्रयोग जवळजवळ पाऊण तास अधिक चालला आणि शेवटी काही जण उठून गेले, हेही नमूद करायला हवे. लग्नाच्या प्रवेशात हसू आलेच, पण शारदा थांबून उभी राहताच ते विरले. पुढचे संवाद शांततेत ऐकले गेले. गायिकेचा आवाज पूर्ववत झाला होता, तरीही तात्यांनी काळी तीनच ठेवली होती. उतरलेल्या पट्टीत तिचे शब्दोच्चार अधिक ठसठशीत येतात, हे त्यांनी पहिल्या रात्रीच हेरले असावे. या बदलांवर मी एक छोटे टिपण लिहिले, आणि या वेळी दैनिकाने संबंधाचे वाक्य जसेच्या तसे छापले. आता ती प्रथा माझ्या मजकुरापुरती तरी रूढ झाली आहे.

कडवी गाळल्याबद्दल मिरजेतल्या काही ज्येष्ठ श्रोत्यांनी संस्थेकडे नाराजी कळवली. संगीताच्या इतक्या जुन्या संस्कारात वाढलेल्या गावात ती नाराजी हलक्याने घेण्यासारखी नाही. संवाद आणि पदे यांत किती द्यायचे आणि किती ठेवायचे, हे प्रत्येक प्रयोगाला नव्याने ठरवावे लागेल. दिग्दर्शकांशी माझा एक मतभेद अजून कायम आहे. ते कोदंडाला सभा गाजवणारा सुधारक मानतात आणि त्याची वाक्ये प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणायला लावतात. मला वाटते की त्याने ती शारदेच्या घरच्या माणसांना ऐकवायला हवीत, कारण आपण काय करतो आहोत हे त्यांनाच ऐकायचे नसते. पुढच्या प्रयोगातही ते ही भूमिका त्यांच्या मतानेच बसवणार आहेत, आणि तसे त्यांनी मला आधीच सांगून ठेवले आहे.